जगतापचं गॅलरीतलं मटण

जानेवारीत फरीदाबादची कुत्रीसुद्धा जिन्याखाली शिरतात, तेव्हा आमचा शेजारी जगताप गॅलरीत कोळशाची शेगडी पेटवून मटण शिजवत बसतो. डोक्याला माकडटोपी, अंगात फौजेतला ओव्हरकोट, पायात पॉलिश केलेले बूट. आत गॅस आहे. चालू आहे. त्याच्यावर तो फक्त चहा आणि वरणभात करतो.

जगतापची सगळी नोकरी फौजेच्या स्वयंपाकघरात गेली. माझी कारखान्यात, लेथवर. शाळेत मी फार गेलो नाही, पण मटण कळायला शाळा लागत नाही. तो त्या मटणाचे टोस्ट करतो, तसे पार दिल्लीपर्यंत कुठं मिळत असतील तर मला दाखवा.

रविवारी सकाळी तो हाडासकट मटण पातेल्यात घालतो, झाकणाला कणीक लावून तोंड बंद करतो आणि निखाऱ्यांवर सोडून देतो. मग कुणी झाकणाकडं नुसतं बघितलं तरी त्याला राग येतो. एकदा मी विचारलं, "झालं का?"

"मोरे, पलटण हुकमावर चालते. मटण चालत नाही. घाई असेल तर ऑम्लेट खा."

दुपारपर्यंत मांस हाडावरून आपोआप सुटतं. ते बोटांनी मोकळं करायचं, रस्सा आटवून त्यातच कालवायचं आणि ब्रेडच्या जाड कापांत भरायचं. वर कच्चा कांदा. मग लांब दांड्यांच्या टोस्टरमध्ये धरून निखाऱ्यावर भाजायचं. जगताप इतकं मटण भरतो की टोस्टर मिटत नाही. मग तो दांड्यांवर पाय देतो. बूट त्यासाठी.

आता गॅलरीचं. जगतापची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, माळकरी. गळ्यात तुळशीची माळ. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ठरलं, मटण उंबऱ्याच्या आत येणार नाही. त्याची भांडी वेगळी, गॅलरीतल्या ट्रंकेत. खाऊन झालं की हात, तोंड, मिशी साबणानं धुवायची, मगच घरात.

"मिशी धुतली का?" वहिनी आतून ओरडायच्या.

"धुतली."

"परत धुवा."

कांदा मात्र त्याच चिरून खिडकीतून द्यायच्या. कांद्याचा काही गुन्हा नाही, असं त्यांचं म्हणणं.

वहिनी गेल्या, त्याला आता दुसरा हिवाळा. जगतापनं काहीच बदललं नाही. कांदा तेवढा स्वतः चिरतो, आत जाऊन. आणि मध्यंतरी छातीत कफ भरून तो दवाखान्यात पडला. डॉक्टरांनी बजावलं, थंडीत बाहेर बसायचं नाही.

मुलगा प्रशांत गुरुग्रामहून आला. "बाबा, आता किचनमध्ये करा ना यार. आई आहे का बघायला?"

जगताप टोस्टर पुसत राहिला.

"परत बाहेर बसलात तर मी शेगडी घेऊन जाणार. आणि तुम्हालाही. मग तिकडे सोसायटीत टोस्ट पण नाही आणि मोरेकाका पण नाहीत."

मी पोराची बाजू घेतली. म्हटलं, "तो बरोबर बोलतोय. तू मेलास तर मी रविवारी काय खाऊ?"

"तुझी काळजी कळली," जगताप म्हणाला.

पुढच्या रविवारी गेलो तर गॅलरी रिकामी. पातेलं आत गॅसवर, टोस्ट ओट्यावर, आणि जगताप अनवाणी. मला बरं वाटलं. गरम खोलीत बसून मी एक टोस्ट संपवला. चांगला झाला होता. तसं मी त्याला कधी सांगत नाही.

त्यानं स्वतःच्या टोस्टला हात लावला नव्हता. आतल्या खोलीच्या दाराकडं तोंड करून बसला होता.

"खा की. गार होतंय."

"तुझं चालू दे."

"मीठ जास्त पडलंय का?"

"सकाळपासून घरात मटण शिजतंय, मोरे," तो म्हणाला. "पार देवघरापर्यंत वास गेलाय." त्यानं टोस्ट बाजूला सरकवला. "कुणी ओरडलं नाही."

मी उठलो, फडक्यानं पातेलं उचललं आणि गॅलरीत नेऊन ठेवलं. परत आत आलो आणि आवाज चढवून म्हणालो, "जगताप, घरात मटण आणायला लाज नाही वाटत? ऊठ, ओटा घास."

तो लगेच उठला. मी पाणी ओतलं, त्यानं ओटा घासला. दोनदा.

त्याच दुपारी घरून ताडपत्री आणून मी त्याच्या गॅलरीला बांधली, वारा लागू नये म्हणून. एक बाजू धुरासाठी उघडी ठेवली. प्रशांतला काय सांगायचं ते मी सांगेन. मी स्टुलावर चढलो होतो, जगताप खाली दोरी धरून उभा होता.

"मोरे," तो म्हणाला, "ती याच्यापेक्षा जोरात ओरडायची."