होडी एक, कोटेशनं तीन

माझे भावोजी तीस वर्षं सरकारी खरेदी विभागात होते आणि या काळात त्यांच्या सहीने टाचणीसुद्धा तीन कोटेशनांशिवाय विकत घेतली गेली नाही. निरोप समारंभात त्यांच्या साहेबांनी हे जाहीरपणे सांगितलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत बसलेल्या ताईने मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. घरातली इस्त्री बिघडून तेव्हा सात महिने झाले होते आणि तिसरं कोटेशन अजून यायचं होतं.

निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी ताईने आयुष्यातली एकुलती एक मागणी मांडली. आमचे वडील एके काळी समुद्रातल्या एका बेटावर दीपगृहाचा दिवा सांभाळायचे. ताईची पहिली सात वर्षं तिथेच गेली. मी वडिलांच्या बदलीनंतर जन्मलो, त्यामुळे बेट माझ्यासाठी केवळ ताईच्या तोंडची गोष्ट. आता बातमी आली होती की दिवा यंत्रावर चालणार आणि महिनाअखेर दीपगृहाचं दार लोकांसाठी कायमचं बंद होणार.

"एकदा वर चढून बघायचंय," ताई म्हणाली. "बाकी काही नको मला."

"जाऊ की," भावोजी म्हणाले. "पण फसायचं नाही."

त्यांनी नवीन फाइल उघडली. प्रवाशांना कुठे कशी टोपी घालतात याची कात्रणं त्यांनी जमवली आणि त्यातून अठ्ठावीस कलमांची नियमावली केली. कलम चार : रस्ता बंद आहे असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. कलम नऊ : हसतमुख इसमापासून सावध राहावे. कलम अकरा : भाव कमी सांगणारा नंतर वाढवतो, जास्त सांगणाऱ्याने आधीच वाढवलेला असतो. सामान उचलायला आणि साक्षीदार म्हणून सह्या करायला मला बरोबर घेण्यात आलं. फाइल पूर्ण होईपर्यंत महिना संपत आला, आणि आम्ही त्या बंदराच्या गावी उतरलो तेव्हा दार बंद व्हायला नेमके चार दिवस उरले होते.

स्टेशनबाहेर टॅक्सीवाला हसून म्हणाला, "लॉजकडचा रस्ता खोदलाय काका, वळसा घालून जावं लागेल."

"कलम चार," भावोजी माझ्या कानात म्हणाले. "आणि हसतोय बघ. नऊसुद्धा."

आम्ही पायी निघालो. रस्ता खरोखरच खोदलेला होता. पाइपच्या खड्ड्यावरची फळी ओलांडताना ताईची एक चप्पल चिखलात गेली आणि भावोजी स्वतः गुडघ्यापर्यंत गेले. तशा अवस्थेत उभं राहून ते विजयाने म्हणाले, "वाचलो की नाही?"

गावात सुदैवाने लॉज तीनच होते. भावोजींनी तिन्हींचे दर लेखी घेतले, रेघा मारून तुलनात्मक तक्ता केला, त्यावर माझी सही घेतली. तोवर सर्वांत स्वस्त खोली गेली. दुसऱ्या क्रमांकाची खोली आम्ही तिथे पोचत असताना आमच्या डोळ्यांदेखत गेली. आम्ही सर्वांत महागड्या खोलीत उतरलो, पण प्रक्रियेत कुठेही दोष नव्हता. यात पहिला दिवस संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर गेलो. बेटाकडे जाणारी होडी एकच होती. होडीवाला म्हातारा दोरखंड गुंडाळत बसला होता. त्याने भाव सांगितला.

"लेखी द्या," भावोजी म्हणाले. "लेटरहेडवर."

"माझ्याकडे वल्ही आहेत साहेब. लेटरहेड कुठून आणू?"

"बरं, दुसरी होडी?"

"ती बुडाली."

"कधी?"

"झाली की वीस वर्षं."

भावोजी माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा गंभीर झाला होता. एकाच पुरवठादाराकडून खरेदी करायची तर वरिष्ठांची खास मंजुरी लागते आणि निवृत्त माणसाला वरिष्ठ नसतात. तीस वर्षांत असा पेच त्यांच्यावर आला नव्हता.

"मी देते मंजुरी," ताई म्हणाली.

"तू लाभार्थी आहेस. लाभार्थीला मंजुरीचा अधिकार नसतो."

"अहो, पण तो बिचारा भाव तरी कुठे अवाच्या सवा सांगतोय?"

"तेच तर! अवाच्या सवा सांगितला असता तर ओळखता आलं असतं."

होडी दुपारी दोनला सुटली. आम्ही धक्क्यावर उभं राहून तिची नोंद केली. दूरवर बेट दिसत होतं आणि त्यावर पांढरी रेघ ओढल्यासारखं दीपगृह. ताई बराच वेळ कपाळाशी आडवा हात धरून बघत होती. मला खरोखर वाईट वाटलं. पण माझ्या हातात फाइल होती.

तिसऱ्या दिवशी देव पावला. धक्क्याजवळच्या गल्लीत भावोजींना एक पाटी दिसली : 'पर्यटक फसवणूक प्रतिबंध केंद्र'. आत टेबल, टेबलावर पाच शिक्के, शिक्क्यांमागे चष्मेवाला गृहस्थ. तो हसला नाही. 'बसा'ही म्हणाला नाही. भावोजींचा त्याच्यावर तत्काळ विश्वास बसला.

"बेटाच्या होडीसाठी तीन कोटेशनं हवी होती," भावोजी म्हणाले.

"सेट तयार आहे," म्हणत चष्मेवाल्याने खणातून तीन कागद काढले.

"पण होडी तर एकच आहे," मी म्हणालो.

"होडी एकच आहे," त्याने मान्य केलं. "कोटेशनं तीन आहेत."

तिन्ही लेटरहेडं वेगळी होती, अक्षर एकच होतं. मी ते भावोजींच्या लक्षात आणून दिलं. ते माझ्याकडे दयेने पाहत म्हणाले, "अरे, तीस वर्षांत मी तीन कोटेशनं वेगवेगळ्या अक्षरांत कधी पाहिली नाहीत. हा माणूस अस्सल आहे." शाईच्या पॅडचा वास नाकात जाताच त्यांचे डोळे पाणावले होते.

सर्वांत कमी कोटेशन होडीवाल्याने तोंडी सांगितलेल्या भावाच्या दीडपट होतं. पण ते लेखी होतं. शिवाय छाननी शुल्क, शिक्का शुल्क, आणि 'सदर पर्यटकाची फसवणूक झालेली नाही' या दाखल्याचं वेगळं शुल्क. भावोजींनी सगळं भरलं आणि पावत्या क्रमाने लावल्या.

"मग आज जायचं का?" ताईने विचारलं.

"दाखल्याशिवाय?" चष्मेवाला दचकला. "हरकतींसाठी चोवीस तास ठेवावे लागतात, बाई. कोणाची हरकत असू शकते."

"आमच्या जाण्याला कोणाची हरकत असणार?"

"तेच बघायला चोवीस तास ठेवतो."

भावोजींनी मान डोलावली. इतकी सरळ गोष्ट बायकोला कळू नये याचं त्यांना वाईट वाटलं.

चौथा दिवस शेवटचा. सकाळी नऊ वाजता केंद्रावर पोचलो तेव्हा पुढे पंचवीस माणसं होती. सगळी आमच्यासारखीच सावध, प्रत्येकाच्या हातात फाइल. टोकन घेतलं. साडेबाराला पुढे तिघं उरले, तेव्हा चष्मेवाला 'जेवणाची वेळ' अशी पाटी लावून उठला. एक वाजला. दीड वाजला. ताई बाकावर बसून पायातल्या नव्या चपलेकडे बघत होती. मग ती उठली.

"मी जरा धक्क्यावर जाऊन येते."

"जा, पण कोणाशी बोलू नकोस," भावोजी म्हणाले. "विशेषतः जो काही सांगेल त्याच्याशी."

"तू येतोस का रे?" तिने मला विचारलं.

मला जायचं होतं. देवाशपथ जायचं होतं. पण टोकन माझ्या हातात होतं, आणि पुढे तिघंच राहिले होते.

दोन वाजून पाच मिनिटांनी खिडकीतून मला होडी दिसली. म्हातारा वल्हवत होता. पुढच्या फळीवर ताई ताठ बसली होती, पदर वाऱ्यावर सोडून. भावोजींनीही पाहिलं. त्यांनी फाइलमध्ये लिहिलं : 'लाभार्थीने प्रक्रिया पूर्ण होण्यापूर्वी परस्पर खरेदी केली. जबाबदारी निश्चित करावी.'

पाच वाजता दाखला मिळाला. पाच शिक्क्यांचा. आमची फसवणूक झालेली नाही हे आता सिद्ध झालं होतं. बेटावरचं दार तेव्हा बंद होत होतं.

सूर्य मावळल्यावर ताई लॉजवर परतली. केस खाऱ्या वाऱ्याने विस्कटले होते, हाताला लोखंडी कठड्याचा गंज लागला होता आणि तोंडावर असं काही होतं जे मी जन्मात तिच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. सात वर्षांची मुलगी शाळेतून काहीतरी सांगायला धावत येते तशी ती दारात थांबली. तिने श्वास घेतला आणि बोलायला तोंड उघडलं.

"किती घेतले?" भावोजींनी विचारलं.

मी त्यांच्यावर चिडलो असतो. पण तोच प्रश्न त्याच क्षणी माझ्याही तोंडून बाहेर पडला होता.

ताईने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उघडलेलं तोंड मिटलं. तिने आकडा सांगितला आणि पाय धुवायला आत गेली.

दाखला आता भावोजींच्या बैठकीच्या खोलीत चौकटीत लावलेला आहे. लोक सल्ल्याला येतात. हा सगळा प्रकार मी शेजाऱ्यांना सांगितला, नातलगांना सांगितला, ऑफिसात दोनदा सांगितला. सगळे भावोजींना पोटभर हसतात. हसून झालं की डोळे पुसत पुढे सरकतात आणि हळूच विचारतात, "बरं, पण होडीवाल्याने ताईंना लावले किती?"

वर चढल्यावर ताईला काय दिसलं, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. तुम्हीही केव्हापासून त्या आकड्याचीच वाट बघताय, मला ठाऊक आहे. तो मी मुद्दाम कुठेच लिहिलेला नाही. विश्वास नसेल तर मागे जाऊन तपासा.