माघार हाय ही, वरात न्हाई!

मंठ्यात मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं, तेव्हा आमच्या शेजारचा मिलिंद पेंटर स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून दुकानात बसतो. पंखा बंद. समोर भलामोठा कार्डशीट. "बर्फ काढून राह्यलो," म्हणतो, "उघड्या अंगानं कसा काढू?"

आणि काढतो असा, की समोरच्या रसवंतीवाल्याने रीतसर तक्रार केली. पेंटरच्या दारावरून आलेलं गिऱ्हाईक रस नको म्हणतं, चहा मागतं! माझ्या डोळ्यांदेखत एक म्हैस त्या चित्रापुढे उभी राहून शिंकली. विश्वास ठेवा अगर ठेवू नका. म्हैस कशाला खोटं शिंकेल?

मिलिंदचा धंदा पाट्या रंगवायचा, पण जीव अडकलाय एका चित्रकथेत. बासष्टच्या लढाईत आपली एक तुकडी हिमालयातून माघार घेत बर्फातून खाली उतरली, तिची चित्रकथा. ती धंद्यातही शिरते. एकाने शेळीपालनाची पाटी सांगितली, तर शेळ्या एका ओळीत, माना खाली घालून, घाट उतरताना. मालक ओरडला, "पेंटर, माझ्या शेळ्या कुठं हारल्या रं?"

बर्फाचा डोंगर त्याने जन्मात पाहिलेला नाही. म्हणून जिनिंग कारखान्यातल्या कापसाच्या ढिगावर आम्हा शेजाऱ्यांना चढवायचं, पाठीवर पोतं द्यायचं आणि हळूहळू उतरवायचं. मी पडलो किराणावाला. माझं पोट आधी उतरतं, मी मागून येतो. मला बघून खेकसला, "शेठ, थका की जरा! माघार हाय ही, वरात न्हाई!"

ही सगळी खटपट आबांसाठी. आबा म्हणजे मिलिंदचे वडील. ते त्या तुकडीत होते. पण विचारलं की इतक्या वर्षांत एकच उत्तर: "गेल्तो. आलो." बायकोलाही याहून जास्त कळलं नाही, ती बिचारी तशीच गेली. आता आबा खाटेला खिळलेत. ते आहेत तोवर त्यांच्या तोंडून ती वाट ऐकायची, एवढाच मिलिंदचा ध्यास.

प्रत्येक पान पेन्सिलीत काढून आधी आबांपुढे जातं. आबा चष्मा लावतात आणि पान नापास करतात. "खेचराचा पट्टा पोटाखालून जातो, गळ्यातून न्हाई." "बंदुकीची नळी अशी धरली तर बोटं चिकटतील लोखंडाला." की पुन्हा नवं पान. कैक वर्षं फौज त्याच वळणावर! मी म्हणालो, "पेंटर, उतरव की त्यांना. शत्रूनं बी एवढं छळलं नसंल." संभाजीनगरहून एक हौशी गृहस्थ मूळ पानं विकत घ्यायला आले, तर त्यांना हा सांगतो, "लोक अजून डोंगरावर हायेत साहेब. मधूनच कसे देऊ?"

परवा गेलो तर स्वारी एका झकास जमलेल्या पानावर, उतरणाऱ्या शिपायांच्या मधोमध, पेन्सिलीने शेकोटी पेटवत होती.

"अरे, शत्रू मागं लागलाय अन् हे शेकत बसलेत?"

"म्हाईत हाय मला."

"मंग?"

मिलिंदने आतल्या दाराकडे बघून आवाज उतरवला. "शेठ, बराबर काढलं की आबा 'ठीक हाय' म्हणतात अन् भिंतीकडं तोंड करतात. चुकलं की बोलतात. पण दर वेळी नवी चूक कुठून आणावी माणसानं?"

तो पान घेऊन उठला. त्याच्यामागोमाग आत गेलो. आबांनी पान डोळ्यांशी नेलं.

"शेकोटी? येडा का तू? धूर दिसला असता!"

"असं व्हय?" मिलिंद साळसूदपणे म्हणाला.

आबांचं बोट शेकोटीवरून ओळीतल्या शेवटच्या शिपायाकडे सरकलं आणि तिथेच राहिलं.

"ह्याच्या मागं अजून एक होता."

"कोण, आबा?"

"गणू. पाय सुजल्ते त्याचे. आधी माझ्या पुढं होता. मंग बरोबरीनं. मंग..."

 

आबांनी त्या शिपायामागच्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं. म्हणाले, "काढ त्याला. पण हळू चालतो तो. पुढच्या लोकांना थांबव जरा."

मिलिंदने खोडरबर घेतलं, खाटेशेजारी जमिनीवर बसला, आणि पुढे निघून गेलेल्यांची बर्फातली पावलं एकेक करून पुसायला लागला.