पांढरीपांडे काकांचे निळे खडे

लिफ्टमध्ये नवा शेजारी भेटला की माणूस नाव विचारतो, मजला विचारतो, गेला बाजार पावसाबद्दल तरी काही बोलतो. पांढरीपांडे काकांनी माझ्या कानांकडे रोखून पाहिलं आणि शुद्ध मराठीत विचारलं, “नीलम म्हणून घेतले का हे?”

मी हो म्हणाले. लग्नात मामांनी दिलेले टॉप्स होते आणि घरात सगळे त्यांना नीलमच म्हणत.

“पुष्कराज आहेत. निळे पुष्कराज. मुळात पाण्यासारखे असतात, मग किरणं देऊन, भाजून त्यांना निळं करतात. वाईट नाहीत. पण निळं ते सगळं नीलम नसते, बाप्पा.”

दार उघडलं आणि ते निघून गेले. त्यांचं नाव मला दुसऱ्या दिवशी खालच्या पत्रपेटीवर वाचायला मिळालं. निळ्याचा एवढा ध्यास आणि आडनाव पांढरीपांडे.

ही २०२०च्या सुरुवातीची गोष्ट. डब्लिनच्या ब्युमॉन्ट भागात मी नुकतीच राहायला आले होते आणि काका माझ्या वरच्या मजल्यावर एकटे राहत. मूळचे नागपूरचे, बरीच वर्षं आयर्लंडमध्ये काढलेले. एका सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं काम त्यांनी केलं. निवृत्त झाल्यावर काम संपलं, सवय राहिली. पत्नी, शालिनीकाकू, काही वर्षांपूर्वी आजारात गेल्या होत्या. मुलगी मुग्धा लिमरिकला, तिथल्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट.

काकांच्या घरी पहिल्यांदा चहाला गेले तेव्हा परीक्षा झाली. स्वयंपाकघरातल्या ‘प्रेस’मधून, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातून, त्यांनी एक पांढरी बशी काढली. तीत पाच निळे खडे. बशी खिडकीत ठेवून म्हणाले, “यातला नीलम कोणता?”

मी सगळ्यांत चमकणारा उचलला.

“सगळे तोच उचलतात,” काका खूश होऊन म्हणाले. “कारखान्यात बनतो तो. हा जांभळट मारतो तो टांझानाइट. देखणा, पण नाजूक, भांडी घासताना घातला की गेला. हा तुझ्या कानातल्यांचा भाऊबंद. हा आयोलाइट, आपले सराफ त्याला नीली म्हणतात. समोरून निळा, आणि असा आडवा धर, पाहा, पाणी. आणि हा कोपऱ्यात गपचूप बसून राहिला ना, हा नीलम. या एकाच्या किमतीत त्या नीलीची परात भरेल.”

नीलम बिचारा बटणासारखा दिसत होता.

काकांच्या मते आयर्लंडचं ढगाळ आभाळ देवानं खास रत्नपारख्यांसाठी केलं आहे. उन्हात कोणताही खडा चमकतो, ढगाखाली मात्र खरा रंग लपत नाही. इथल्या हवेचं कौतुक करणारा एवढा एकच माणूस मला भेटला. दुकानातल्या कॅशियरबाईंची अंगठी, दाताच्या डॉक्टरांचं लॉकेट, काहीही त्यांच्या भिंगातून सुटत नसे. दाढ काढायला तोंड उघडून बसलेले असतानाही त्यांनी डॉक्टरांना खुणेनं विचारलं होतं म्हणे. बायका आधी हसत, मग काका निकाल देत, मग हसणं थांबे. “मी खोटं कसं सांगू?” ते मला विचारत. “तिला कोणीतरी फसवलं ना.”

मग लॉकडाऊन लागला. बाहेर पडायला अंतराची मर्यादा आली आणि आम्ही दोघं जवळच्या पार्कात चार हात लांब राहून फिरू लागलो. काका लांबूनच खडा दाखवत आणि मी लांबूनच चुकत असे. ते शालिनीकाकूंबद्दल कधी बोलले नाहीत. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, “श्रीलंकेचा नीलम पाहिला आहेस का तू?”

डिसेंबरमध्ये निर्बंध थोडे सैल झाले आणि मुग्धा लिमरिकहून आली. बरोबर ओवेन होता, तिच्याच इस्पितळात काम करणारा, शांत, उंच मुलगा. दोघांनी लग्न ठरवलं होतं. काकांनी मलाही जेवायला बोलावलं. वांग्याचं भरीत त्यांनी स्वतः केलं होतं आणि ओवेन डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते खात होता.

जेवता जेवता मुग्धानं हात पुढे केला. बोटात जुन्या घडणीची सोन्याची अंगठी होती, मधे निळा खडा. “ओवेनच्या आजीची आहे,” ती म्हणाली. ओवेननं सांगितलं की आजोबांनी आजीला साखरपुड्याला दिलेला हा नीलम. आजी त्याच वर्षी वसंतात वृद्धाश्रमातच वारली. तेव्हा भेटायला बंदी होती. ती अंगठी तिनं ओवेनसाठी ठेवली होती.

मला वाटलं, काका आता काहीतरी छान बोलतील. त्यांनी खिशातून भिंग काढलं.

मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला, पण ते दुसऱ्याच जगात होते. मुग्धाचं बोट धरून त्यांनी खडा समोरून पाहिला, मग हात आडवा केला.

“आयोलाइट,” ते इंग्रजीत म्हणाले. “सुंदर आहे. पण नीलम नाही. तुझ्या आजोबांना फसवलं कोणीतरी.”

ओवेनचा चमचा थांबला. “आमच्या घरात सगळे नीलमच म्हणायचे,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं.

मुग्धानं हात ओढून घेतला. ती इंग्रजीतच बोलली, अगदी हळू. “आई गेल्यापासून तू माझ्याशी फक्त दगडांबद्दल बोलला आहेस, बाबा. फक्त दगडांबद्दल.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते दोघं परत गेले. काही दिवसांत निर्बंध पुन्हा कडक झाले, काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, वेस बंद झाली. मुग्धा फोन उचलायची, ‘ग्रँड’, म्हणजे इथलं ‘ठीक’, म्हणायची आणि ठेवून द्यायची. काका मला सांगत, “बरी आहे म्हणाली.” बशी प्रेसमध्येच राहू लागली. पार्कात आता ते निव्वळ चालायचे, आणि मला ती शांतता खड्यांपेक्षा जड जायची.

मार्चमधल्या एका दुपारी आम्ही तळ्याकाठच्या बाकावर दोन टोकांना बसलो होतो. काका एकदम म्हणाले, “शालिनीला मी एक अंगठी दिली होती. नीलमची. इथे यायच्या आधी, नागपुरात घेतली. पहिल्यांदाच मोठं काहीतरी घेतलं होतं मी.”

मी त्यांच्याकडे वळून बसले.

“आजारात बोटं बारीक झाली तिची. अंगठी निसटायची. लहान करून घ्यावी म्हणून इथल्या सोनाराकडे नेली. त्यानं पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, दगड कारखान्यातला आहे. घरी आलो. तिनं विचारलं, काय म्हणाला? मी म्हणालो, छान आहे म्हणाला. तर हसली. म्हणाली, कळलं का तुम्हाला शेवटी?”

“म्हणजे काकूंना माहीत होतं?”

“मुग्धा लहान असताना एकदा खडा सैल झाला होता, तेव्हा दुसऱ्या सोनारानं सांगितलं होतं तिला. मी विचारलं, मग मला काहून नाही सांगितलं? म्हणते, तुम्ही किती आनंदानं आणली होती. सांगून त्यात काय भर पडली असती?” त्यांनी चष्मा काढून पुसला. “ती गेली, आणि मी पुस्तकं आणली, खडे आणले, शिकलो. वाटलं, आता पुन्हा कोणी फसायचं नाही.”

तळ्यातलं एक बदक आमच्याकडे काही मिळेल म्हणून आलं आणि कंटाळून गेलं.

“इतकी वर्षं गप्प राहिली ती,” काका म्हणाले. “मला जेवण होईपर्यंत राहवलं नाही.”

मे महिन्यात काउंटीबाहेर जायची मुभा मिळाली. काका मोटरवेवर गाडी चालवायला घाबरत, म्हणून मी त्यांना लिमरिकला घेऊन गेले. रस्ताभर ते एक वाक्य इंग्रजीत घोळवत होते. माफीचं असणार, मी विचारलं नाही.

मुग्धानं दार उघडलं, “ये बाबा,” म्हणाली आणि आत गेली. मागच्या अंगणात चहा झाला. घोळवलेलं वाक्य काका ऐनवेळी विसरले असावेत, कारण त्यांनी ओवेनला एकदम विचारलं, “तुझी आजी कशी होती?”

ओवेननं कप खाली ठेवला. गवताकडे पाहत तो बोलू लागला. आजी फार कजाग होती. पत्त्यांत उघड उघड लबाडी करायची. अंत्यविधीला मोजक्याच माणसांना आत जाऊ दिलं, त्यामुळे तो कबरस्तानाच्या भिंतीबाहेर रस्त्यावर उभा होता.

“मला ती जागा दाखवशील?” काकांनी विचारलं.

कबरस्तान गावाबाहेर, एका टेकाडावर होतं. मुग्धा आणि मी फाटकाशी थांबलो. ते दोघं पुढे जाऊन एका नव्या दगडासमोर उभे राहिले. ओवेन काही बोलला. मग काका बोलायला लागले.

“काय सांगतोय बाबा त्याला?” मुग्धानं विचारलं.

वारा आमच्याकडे होता, आणि मी तिच्यापेक्षा दोन पावलं पुढे उभी होते. “तुझ्या आईबद्दल,” मी म्हणाले. “शेवटी शेवटी काकू त्यांच्याकडून केस विंचरून घ्यायच्या. भांग वाकडाच पडायचा. आरशात पाहून त्या हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फणी त्यांच्याच हातात द्यायच्या.”

“मला हे माहीत नव्हतं,” मुग्धा म्हणाली.

ती ओल्या गवतातून त्यांच्याकडे चालत गेली. ती शेजारी येऊन उभी राहिली तरी काका थांबले नाहीत. फक्त इंग्रजी सोडून ते मराठीत बोलू लागले. ओवेननं बाजूला सरकून तिला जागा दिली आणि एक शब्द कळत नसताना तो मान खाली घालून ऐकत राहिला.