हॅरोतलं सोनं

ती बातमी आली तो मंगळवार अगदी साधा होता. डॉक्टर शशी लेले नेहमीप्रमाणे गाडीच्या काचेवर चिकटलेली ओली पानं वायपरने हाकलत होते आणि नेहमीप्रमाणेच फाटकाबाहेरच्या झाडाला मनातल्या मनात शिव्या देत होते. (मोठ्याने देण्याची सोय नव्हती. शेजारच्या आशाबेन खिडकीत असतात.) तेवढ्यात मराठी मंडळाच्या वरदाचा फोन आला.

“काका, कमिटीत ठरलंय. यंदा दसऱ्याला सुलक्षणाकाकूंचं सोनं परत वाटायचं. गेल्या वर्षी आम्ही ऑनलाइन मागवलेली कागदी पानं वाटली, तर लोकांनी त्यांना वड्याचं तेल पुसलं. तुम्ही आणाल ना?”

“आणतो की,” डॉक्टर म्हणाले.

फोन ठेवला आणि मग ते बॉनेटला टेकून उभे राहिले.

आपट्याचं झाड लंडनमधल्या हॅरोच्या थंडीत रस्त्यावर उगवत नाही, हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी डॉक्टरांच्या पत्नी सुलक्षणाबाई दर दसऱ्याला कापडी पिशवी घेऊन ‘आलेच हं’ म्हणत बाहेर पडायच्या आणि तासाभराने भरली पिशवी घेऊन परतायच्या. पान मधोमध दुभंगलेलं, थेट आपट्याच्या वळणाचं. पुण्यात सोनं हिरवंगार असतं, इथे ते कडेकडेने खरोखरच पिवळं पडू लागलेलं असायचं, त्यामुळे नवे आलेले लोक तर हरखूनच जायचे. सुलक्षणाबाई गेल्या त्याला दीड वर्ष झालं होतं. गेल्या दसऱ्याला घरात सण नव्हता. आणि आज डॉक्टरांच्या लक्षात आलं, की ते पान कुठल्या झाडाचं आणि ते झाड कुठल्या रस्त्यावर, यातलं आपल्याला काहीही माहीत नाही. आयुष्यभर अपघाताचे रुग्ण पाहिलेला हाडांचा डॉक्टर, पण इथे पहिला उपचार काय करायचा तेच सुचेना.

त्यांनी कॉव्हेंट्रीला मुलीला फोन लावला.

“बाबा, मग नाही सांग ना,” इंग्लंडातच वाढलेली कस्तुरी आपल्या मराठीत म्हणाली. “दे विल अंडरस्टँड.”

“नाही म्हटलं तर तुझ्या आईचं सोनं बंद पडेल. मग कायमचा कागद.”

“ओके. तर अ‍ॅप घे. पानाची फोटो काढायचा, तो झाड सांगते. इट्स रिअली सोपा.”

अ‍ॅप सोपं होतं. झाडं नव्हती. डॉक्टरांनी शेजारच्या घरापासून सुरुवात केली. (आपल्या फाटकाबाहेरच्या उपद्रवी झाडाचा फोटो काढून त्याला आणखी डोक्यावर कशाला बसवा?) अ‍ॅप म्हणालं, लाइम. या लाइमला लिंबं येत नाहीत, हे त्यांना सेवानिवृत्तीनंतर प्रथमच समजलं. पुढे लंडन प्लेन, मग लालभडक मेपल, मग चेरी, मग पुन्हा लंडन प्लेन. पंजासारखी पानं, बदामी पानं, करवतीच्या दात्यांची पानं. दुभंगलेलं एकही नाही. एका घराच्या कुंपणावर वाकून ते फोटो घेत होते, तर दार उघडून एक बाई बाहेर आल्या.

“कॅन आय हेल्प यू?”

“मी माझ्या बायकोचं झाड शोधतोय,” डॉक्टर इंग्रजीत म्हणाले.

“ती तुमच्याबरोबर आहे का?”

“नाही. ती वारली.”

बाईंनी त्यांना चहा देऊ केला आणि दाराची साखळी मात्र लावून घेतली.

शुक्रवारी सर्दीने नाक चोंदलेलं असताना ते लायब्ररीमागच्या रस्त्यावर वळले, आणि थबकले. समोर एक झाड डोक्यापासून पायापर्यंत पिवळंधमक उभं होतं. खाली सडाच पडला होता. पान उचललं. मधोमध दुभंगलेलं. तेच. सोनं म्हणजे पिवळं, आणि इतकं पिवळं तर सुलक्षणाबाईंनाही कधी मिळालं नव्हतं, असं मनात येऊन त्यांना अभिमान वाटला आणि लगेच त्याची लाजही वाटली. वर हात पोचत नव्हता, म्हणून खालचीच पानं ओंजळीओंजळीने पिशवीत भरली. त्यात जर्दाळूसारखी काही पिचकलेली फळंही गेली. जाऊ देत, म्हणाले. पिशवी गाडीच्या डिकीत ठेवली आणि गाडी उन्हात.

शनिवारी कस्तुरी आली. कार्यक्रमाला जायला गाडीत बसली आणि पुन्हा उतरली.

“बाबा, गाडीत काय मेलाय?”

तो शब्द त्या घरात अजून जपून वापरला जात होता.

“सॉरी,” ती म्हणाली. “आय मीन, तुझी बूट. तू कुत्र्याचा कशात तरी पाय दिलाय.”

“मला तर काही येत नाहीये वास.”

“तुला सर्दी आहे, बाबा.”

बूट फाटकात काढून ठेवावे लागले. सगळ्या खिडक्या उघड्या टाकून, सपाता घालून डॉक्टर दसऱ्याच्या कार्यक्रमाला निघाले.

शाळेच्या हॉलमध्ये वरदाने चांदीचं तबक तयार ठेवलं होतं. पुढे पाटी : ‘सुलक्षणाकाकूंचं सोनं’. डॉक्टरांनी स्वतःच्या हातांनी पिशवी तबकात रिकामी केली. पिवळ्या राशीवर दिवे चमकले. कोणीतरी ‘वा’ म्हणालं. तो ‘वा’ अर्ध्यावर थांबला.

पहिल्या रांगेतल्या आयांनी आपापली बाळं उचलून उलट्या बाजूने तपासली. पुरुषांनी एकेक पाय वर करून तळवे पाहिले. वड्यांच्या ट्रेभोवती लोक जमले आणि वडे निर्दोष ठरले. केअरटेकर येऊन म्हणाला, गटार तुंबलं असेल, सगळ्यांनी बाहेर थांबा. तेव्हा मंडळाचे सर्वांत ज्येष्ठ सभासद मोहनराव काठी टेकत तबकाजवळ गेले, एक पान नाकाशी नेलं आणि जड आवाजात म्हणाले, “गटार नाही. सोनं आहे.”

वरदाने फोनवर शोधून हळूच वाचून दाखवलं. “काका, गिंको म्हणतात याला. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. मादी झाडाची फळं पिचकली की... ओकारीसारखा वास येतो, असं लिहिलंय.”

सांगाड्यावरून बाई की बुवा हे डॉक्टर झोपेतही सांगू शकले असते. झाडांच्या बाबतीत तशी सोय नव्हती. ते त्या पाटीकडे पाहत राहिले. नाव तिचं होतं आणि वास त्यांनी आणला होता.

“टाकून द्या,” ते म्हणाले.

“टाकायचं काय म्हणून?” मोहनराव म्हणाले. त्यांनी तेच पान दोन बोटांत धरून डॉक्टरांच्या हातावर ठेवलं. “सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. वहिनींचं आहे.” एवढं बोलून ते घाईने मागे सरले.

मग रांग लागली. लोक दारात खोल श्वास घ्यायचे, आत यायचे, पान उचलायचे, फुगलेल्या गालांनी एकमेकांना द्यायचे आणि बाहेर जाऊन श्वास सोडायचे. सोन्यासारखे राहा, हे मोहनरावांनंतर त्या संध्याकाळी कोणी पूर्ण वाक्यात म्हटलं नाही. तबक रिकामं झालं, तसे डॉक्टर मान खाली घालून एकेकाला वाकून नमस्कार करू लागले. त्यात मंडळातली दोन कॉलेजची मुलं फार अवघडली.

घरी परतल्यावर कस्तुरी डिकी धुवायला बादली आणायला गेली. कुंपणापलीकडून आशाबेन नाकाला पदर लावून म्हणाल्या, “भाईसाब, ये क्या ले आए?”

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. आशाबेन ऐकत होत्या आणि हळूहळू त्यांचा पदर खाली आला.

“लायब्ररी तक क्यों गए?” त्या म्हणाल्या. “भाभी तो यहीं से तोड़ती थीं. स्टेपलॅडर मेरा. पाँच मिनट का काम, फिर मेरे किचन में चाय.”

“यहीं मतलब?”

आशाबेननी बोट वर केलं.

डॉक्टरांनी वर पाहिलं. फाटकाबाहेरचं झाड. निम्मं हिरवं, कडांनी पिवळं पडू लागलेलं, एकही फळ नसलेलं, सभ्य. दिव्याच्या उजेडात प्रत्येक पान मधोमध दुभंगलेलं दिसत होतं. याच झाडाखाली ते वर्षानुवर्षं गाडी लावत आले होते. मंगळवारी सकाळी, बातमी आली त्या क्षणी, त्यांनी वायपरने गटारात लोटलं होतं ते हेच सोनं.

काचेवर नवी पानं पडली होती. त्यांनी त्यातलं एक नखाने सोडवलं, सदऱ्याला पुसलं आणि आत जाऊन सुलक्षणाबाईंच्या फोटोपुढे ठेवलं.

“बाबा,” मागून कस्तुरी म्हणाली, “आईला तू कधी विचारला नाही, कुठून आणते?”

डॉक्टरांनी नाक शिंकरलं. सर्दी होतीच.

“नाही,” ते म्हणाले. “ते विचारायचं राहून गेलं.”