एकच्या ठोक्याची गोळी

काकांच्या रक्तातल्या फॉस्फेटचा आकडा सहाच्या वर गेला, त्याच दिवशी काकूंनी फ्रिज रिकामा केला. दूध, चीज, शेंगदाणे, फॉस्फेटवालं सगळं शेजारणीकडे गेलं. काका दारात उभे राहून चीजच्या डब्याला डोळ्यांनीच निरोप देत होते.

काकांनी एकतीस वर्षं शाळेत घंटा दिली होती. निवृत्त झाल्यावर घंटा सुटली, पण मिनिटं काही अंगातून गेली नाहीत. आता मूत्रपिंडं थकली होती, आणि जास्तीचं फॉस्फेट बाहेर टाकायचं काम त्यांना झेपेना. डॉक्टरीणबाईंनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, दुपारी आणि रात्री जेवणासोबत एकेक. आकडा उतरला तरच लेकीकडे जायची परवानगी. लेकीला सातवा महिना लागला होता आणि तिचं गाव अठरा तासांवर होतं. नाही उतरला, तर पहिल्या नातवंडाचं तोंड फोनवर बघायचं.

काकांचं जेवण दुपारी एकला आणि रात्री आठला, हे घरात काळ्या दगडावरची रेघ होतं. म्हणून एकच्या ठोक्याला ते गोळी चावून टाकत. ताट मात्र हल्ली उशिरा येई, कारण काकूंची दोन्ही जेवणांआधीची प्रार्थना लांबत चालली होती. पण देवापुढून बायकोला उठवायचं नाही, हा नेम काकांनी लग्नापासून पाळला होता. ते रिकाम्या टेबलाशी हाताची घडी घालून बसत.

पंधरा दिवसांनी आकडा आणखी चढला.

काकूंनी डाळ पातळ केली, इतकी की वाटीचा तळ दिसावा. मग एका दुपारी, वीस मिनिटं उशिरा, त्या बाहेर आल्या आणि काकांच्या मिशीकडे बघत राहिल्या. मिशीवर पांढरी भुकटी होती.

"अहो, दुधाची पावडर कुठे लपवलीय?"

"अगं, गोळी आहे ती."

"जेवणासोबतची गोळी जेवणाआधी मिशीला कशी लागली?"

काकांनी खरं ते सांगितलं, की एक वाजून गेला होता. काकूंना हे उत्तर वाटलं नाही. त्या आवाज न चढवता "बरं" म्हणाल्या. हे "बरं" काका ओळखून होते. त्यापेक्षा भांडण परवडलं असतं. दुसऱ्या दिवसापासून प्रार्थना पाऊण तास लांबली, आणि पुढचा आकडा सातला टेकला.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग विचारलं, गोळी कधी घेता?

"एक आणि आठ. सेकंदाचा फरक नाही."

"आणि जेवता कधी?"

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बायकोला तोंडघशी कसं पाडायचं? शेवटी काकूच पुटपुटल्या, "पावणेदोन होतात."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, कॅल्शियम पोटात अन्नाबरोबर असलं तरच त्यातलं फॉस्फेट धरून ठेवतं आणि शौचावाटे घेऊन जातं. मग मूत्रपिंडांवरचं ओझं कमी होतं. रिकाम्या पोटी घेतलेली गोळी धरणार कुणाला? "पण पावणेदोन का?"

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "रोजच्या प्रार्थनेत एक वाढवली होती. यांच्या मूत्रपिंडांसाठी. आकडा चढला म्हणून ती दुप्पट केली. मग मिशी पाहिली, तेव्हा आणखी एक. यांनी खरं बोलावं म्हणून."

खोलीत कुणी हसलं नाही. डॉक्टरीणबाईंना त्यासाठी खिडकीबाहेर बघावं लागलं. मग त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं: गोळी पहिल्या घासाबरोबर, वाढीव प्रार्थना जेवणानंतर.

तीन आठवड्यांत आकडा पाचाखाली आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लेकीकडे जा, तिकडेही गोळी घासाबरोबरच घ्या.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना काका गाडीच्या वेळा पुटपुटू लागले. काकू हळूच म्हणाल्या, "मूत्रपिंडांची प्रार्थना चालू ठेवते. पण खरं बोलायची आता बंद करू ना? उगाच संशय घेतला तुमचा."

काका आणखी दोन पायऱ्या उतरले.

"ती एवढ्यात बंद करू नकोस," ते म्हणाले. "परवा शेजारणीने आपलंच चीज दिलं होतं खायला."