रानहंसांच्या गावात कावळ्याचा घास

आधीच सांगून ठेवतो, माझं काहीही चुकलेलं नाही. आजही तशीच वेळ आली तर मी तसंच करीन, आणि आणखी मोठ्याने करीन.

गोष्ट २००४ सालच्या थंडीतली. कोलोनच्या आमच्या ऑफिसात युर्गेन कॉफी ढवळत म्हणाला, "ऱ्हाईनच्या काठी सायबेरियाहून रानहंस आलेत. शनिवार-रविवारची टूर असते, गाईडसकट. पण तुम्हा इंडियन लोकांना ती थंडी झेपायची नाही."

झालं! (मला कुणी 'झेपायचं नाही' म्हटलं की मी ते करतोच. जर्मन व्याकरण तेवढं सोडून.) त्याच दुपारी मी बुकिंग केलं. मी, बायको विभावरी, जर्मनशिवाय दुसऱ्या भाषेत उत्तर न देणारी कन्या अन्वी आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई.

घरी येऊन मोठ्या ऐटीत जाहीर केलं. सासूबाईंनी पंचांग उघडलं.

"श्रीपादराव, शनिवारी ह्यांचं वर्षश्राद्ध आहे."

शहाण्या माणसाने बुकिंग रद्द केलं असतं. पण मग सोमवारी युर्गेनला काय तोंड दाखवायचं?

"मग तर उत्तमच, आई! इथे बाल्कनीत घास ठेवून कावळ्याची वाट बघण्यापेक्षा घासच पक्ष्यांकडे नेऊ. एवढ्या हजारो पक्ष्यांत एक कावळा निघणार नाही?"

"अरे, श्राद्ध आहे ते. सहल नव्हे!" विभावरी कडाडली.

सासूबाई मात्र विचारात पडल्या. "ह्यांना प्रवासाची हौस होतीच म्हणा. पण कावळा शिवला पाहिजे हं. दहाव्याला शिवला नव्हता. शेवटी दर्भाचा करावा लागला. वर्षभर जिवाला लागून राहिलंय माझ्या."

मला खरंच वाईट वाटलं. आता कावळा शिवणं हा माझ्या इभ्रतीचा प्रश्न झाला.

शनिवारी पहाटे उठून सासूबाईंनी स्वयंपाक केला. बसमध्ये आमच्या गाईडबाई, फ्राऊ नॉयमान, दुर्बीण सरसावून नियम सांगत होत्या. कुजबुजत बोलायचं. पक्ष्यांना खायला घालायचं नाही. हंसांना उडवायचं नाही, कारण उडाले की त्यांची साठवलेली चरबी जळते. (माझी लग्नापासून साठवलेली आहे. ती कशानेच जळत नाही.)

नदीच्या बांधावर बस थांबली. समोरच्या कुरणात नजर पोचेल तिथवर रानहंस चरत होते. सगळे जर्मन दुर्बिणी लावून हरखून गेले. आम्ही हंसांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कुंपणाच्या खांबावर एक कावळा बसला होता.

"तो बघा!" सासूबाई म्हणाल्या. मी गवतावर पत्रावळ मांडली. वरण-भात, वडे, खीर.

"हेर आगाशे!" फ्राऊ नॉयमान धावत आल्या. "इथे खायला घालायला बंदी आहे!"

"हे खायला घालणं नाही," मी बाणेदारपणे जर्मनमध्ये म्हणालो. "हे माझे सासरे आहेत."

बाईंनी एकदा वड्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

"पापा, पाइनलिष!" अन्वी लाजून पुटपुटली. (म्हणजे 'लाज आणलीत'.) पण तिनेच मग सगळं समजावून सांगितलं. ओपांची, म्हणजे आजोबांची, एखादी इच्छा राहिली असेल तर कावळा येत नाही. ती पुरी करायचं वचन दिलं की येतो. हंसांवरच्या साऱ्या दुर्बिणी माझ्यावर वळल्या.

"आल्झो, बरं," बाई सुस्कारा टाकून म्हणाल्या, "पाच मिनिटं. आणि कुजबुजत."

"बाबा, विभावरीला कधी दुखावणार नाही," मी कुजबुजलो. कावळ्याने पंख खाजवला.

"अन्वीला मराठी शिकवीन." कावळ्याने चोच पुसली.

"आईंना अष्टविनायक करवीन!" कावळ्याने पाठ फिरवली.

"बाबा, मी पीएचडी पुरी करीन," विभावरी रडवेली होऊन म्हणाली. कावळा ढिम्म.

सासूबाईंचे डोळे भरून आले. खाली वाकून त्यांनी गवताची एक काडी उपटली. "राहू द्या, श्रीपादराव. याही वेळी गवताचाच करू."

माझ्याने ते बघवेना. "मुळीच नाही!" मी खांबाकडे बघून गरजलो. "बाबा, आज खरा कावळाच शिवला पाहिजे! शिवल्याशिवाय मी इथून हलणार नाही!"

कावळा हलला नाही. बाकी सगळं हललं. अख्खं कुरण एकदम आकाशात गेलं. कलकलाट, फडफडाट, वरून पिसं आणि इतरही बरंच काही माझ्या टोपीवर. दुर्बीणवाल्यांना बघायला खाली फक्त गवत उरलं, आणि मी.

फ्राऊ नॉयमान लालबुंद होऊन पत्रावळीपाशी आल्या. मग खांबाकडे तोंड करून जर्मनमध्ये स्वच्छ म्हणाल्या, "हेर ओपा, मी वचन देते. उद्या तुमच्या जावयाला मी बरोबर नेणार नाही."

कावळा तत्काळ खाली उतरला. त्याने आधी वडा उचलला, मग भातात चोच घातली.

"शिवला! शिवला गं बाई!" सासूबाईंनी फ्राऊ नॉयमानचे हात घट्ट धरले. "काय म्हणाल्या गं त्या?"

आणि आमच्या अन्वीने जन्मात पहिल्यांदा खणखणीत मराठीत उत्तर दिलं, "उद्या बाबा नको!"

सासूबाईंनी डोळे पुसले आणि हात जोडून आभाळाकडे पाहिलं.

"अहो, मग हे लग्नाच्या वेळीच नाही का सांगायचं!"