द्वादशीचा उपास

प्रेमभंग लपवायला अक्कल लागते, आणि ती माझ्याकडे भरपूर आहे! दुपारी बन्नीमंटपाजवळ भाग्या म्हणाली, "सात्विक, आपलं नाही जमायचं," आणि स्कूटर वळवून गेली. संध्याकाळी मी चक्क शीळ घालत घरी आलो. आईला कळलं असतं तर आठवड्यात तिने म्हैसूरभरच्या मुली दाखवल्या असत्या. आणि मला तर भाग्याच हवी होती हो!

आईने पुढ्यात गरम उप्पिट ठेवलं. घास काही उतरेना.

"मला उपास आहे," मी ठोकून दिलं.

"अय्यो! एकादशी काल झाली. आज द्वादशी, सकाळीच पारणं झालं की!"

"काल चुकली ना... म्हणून आज."

झालं! शिलाई मशीनवरचे बाबा गहिवरून उठले. "चुकलेली एकादशी भरून काढतोय पोरगा!" म्हणत त्यांनी थेट भजनी मंडळाच्या गुंडेरावांना फोन लावला.

तासाभरात अख्खं मंडळ घरात! गुंडेरावांच्या गळ्यात मृदंग, माझ्या गळ्यात हार. अभंगात विरहाचा एक शब्द आला मात्र, मी गाईसारखा हंबरडा फोडला!

"भाव बघा, भाव!" गुंडेराव ओरडले. "पुढच्या एकादशीला हाच गाणार!"

"काका, ते तसं नाहीये..."

"विनय बघा!"

दोघांनी तर माझ्या पाया पडून घेतलं. शेवटी शांताक्का उठल्या. बायकांच्या भजनाच्या या प्रमुख, सगळी गल्ली त्यांना वचकून असते. पाणी पाजायच्या निमित्ताने त्यांनी मला स्वयंपाकघरात ओढलं आणि हळूच विचारलं, "मुलगी कोण रे?"

"भाग्या," म्हणालो आणि पुन्हा रडलो.

"रड, मगा, रड बाळा." त्यांनी पदराने माझे डोळे पुसले.

"अक्का, तुम्हाला कसं कळलं?"

"माझा पण उपास असाच सुरू झाला होता. पहिल्याच दिवशी खरं बोलले असते, तर एवढे अभंग पाठ करावे लागले नसते! सुम्ने, गुपचूप खा ते उप्पिट."

"आणि गुंडेरावकाका? ते तरी खरे भक्त ना?"

शांताक्कांनी दाराबाहेर एकदा बघून घेतलं.

"त्याने मृदंग गळ्यात घातला, तो माझ्या लग्नाच्या दिवशी!"

एवढं ऐकल्यावर कसला उपास! रडत रडतच, पण दोन ताटल्या उप्पिट खाल्लं.